अब्दुलबाकींच्या नावाचा तुकडा

‘सावली’ या ग्रुपमध्ये एक रीत होती. कुणाचा कोड घेतला तर त्याचे आभार मानायचे नाहीत. तो ज्याच्या नावाने दिलेला असेल, त्या गेलेल्या माणसासाठी दुवा मागायची.

ग्रुपमधली मंडळी सगळी प्रोग्रामर. लढाईच्या आधी खार्तूममध्ये कुणी बँकेत, कुणी टेलिफोन कंपनीत कामाला होतं. आता कुणी गदारिफला, कुणी पोर्ट सुदानला, कुणी थेट कैरोला जाऊन पडलं होतं. मिळेल ते काम करायचं, इंटरनेटची लाइन असेल तेव्हा करायचं, आणि लाइन नसताना काम कसं रेटायचं याच्या युक्त्या एकमेकांना द्यायच्या. दहावीस ओळींचा कोडचा तुकडा, आणि त्याच्या वर एक ओळ: हा माझ्या आईच्या नावाने. हा माझ्या भावाच्या नावाने, बाजारात गेला तो परत आला नाही. एरवी घरातलं माणूस गेलं की रस्त्याच्या कडेला पाण्याचा रांजण ठेवतात. येणारा-जाणारा पितो, आणि जोवर कुणीतरी पितंय तोवर गेलेल्याच्या पदरात पुण्य पडत राहतं. पण घरच उरलं नाही तर रांजण ठेवायचा कुणाच्या भिंतीला टेकून? म्हणून हे कोडचे रांजण.

रिहाबने दिलेला तुकडा तिच्या वडिलांच्या नावाने होता. हाज अब्दुलबाकींचं ओम्दुर्मानला कापडाचं दुकान होतं. बायकांना तोब, म्हणजे अंगभर गुंडाळायचं लुगडं, मोजून देताना ते वर चार बोटं कापड जास्त सोडायचे आणि रिहाबची आई त्यावरून त्यांना घालून पाडून बोलायची. शहर सोडताना ट्रकमध्ये त्यांना ताप चढला, आणि शेंदी गावाच्या अलीकडे ते गेले. ओळख ना पाळख अशा माणसांनी खड्डा खणला, ओळख ना पाळख अशा माणसांनी नमाज पढली. ट्रक थांबायला तयार नव्हता. कबर कुठली ते आता मायलेकींना सांगता आलं नसतं. अतबराला आल्यावर एका खोलीत बिऱ्हाड मांडलं, आणि आईचे इद्दतीचे, विधवेने पाळायचे दिवस सरले तेव्हा रिहाबने तो तुकडा ‘सावली’त टाकला.

तुकडा लहानसा होता, पण फार कामाचा. गावच्या दवाखान्यातला माणूस फोनवर नोंद भरायचा, ‘पाठवा’ दाबायचा, आणि लाइन नसली की पडद्यावरचं चाक नुसतं गरगरत राहायचं. तो वैतागून पुन्हा दाबायचा, पुन्हा दाबायचा. लाइन आली की एकच नोंद पाचदा जायची, नाहीतर एकदाही जायची नाही. रिहाबने यावर तोड काढली. बटण दाबलं की लगेच हिरवी खूण उमटायची, ‘पोचलं’. नोंद फोनमध्येच जणू एका पिशवीत पडून राहायची आणि लाइन आली की आपली आपण पुढे जायची. फोन जुने, त्यांत जागा थोडी, म्हणून पिशवी लहानच ठेवली होती. ती भरली की सगळ्यात जुनी नोंद बाहेर टाकून नवीला जागा करायची. त्या दिवसांत लाइन सकाळी गेली तर मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत यायची. तेवढ्या वेळात पिशवी भरेल हे रिहाबच्या मनात आलं नाही, आणि ग्रुपमधल्या एकाहून एक हुशार माणसांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

तुकडा वाऱ्यासारखा पसरला. अन्नछत्रवाल्यांनी घेतला, शाळावाल्यांनी घेतला, औषधं वाटणाऱ्यांनी घेतला. जो घ्यायचा तो खाली लिहायचा, अल्लाह हाज अब्दुलबाकींवर रहम करो.

शुक्रवारची नमाज झाली की रिहाबची आई, हाजा बतूल, आल्याची कॉफी करायची आणि चटईवर टेकून बसायची. कोड म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटत नव्हती. ती एवढंच विचारायची, “या आठवड्यात कुणी प्यायलं?”

मग रिहाब फोनवरून नावं वाचायची. कसालाचा अमुक, दोंगोलाची तमुक. प्रत्येक नावाला हाजा बतूल ‘आमीन’ म्हणायची आणि तोबाचा पदर डोक्यावर नीट ओढून घ्यायची, जणू तो माणूस समोरच उभा राहून पाणी पिऊन गेला. नवऱ्याच्या कबरीवर जायची सोय नव्हती. हेच तिचं जाणं. रिहाबने एकदा दोन नावं चुकून गाळली, तर म्हातारी म्हणाली, “आज लवकर आटपलंस. बाप कुणाचा, तुझाच ना?”

मग लाइन गेली ती गेलीच. एका गावाची नाही, सगळ्या मुलुखाची. आठवडे उलटले. बाजारात एका चहावालीच्या निंबाखाली कुणीतरी आकाशातून लाइन धरणारी तबकडी आणून लावली, तेव्हा माणसं तिथे रांगा लावून बसू लागली. रिहाबही गेली. फोन जोडला गेला आणि साचलेले मेसेज धबाधबा कोसळले. आई जिवंत आहे का, भाऊ कुठे आहे, याच मजकुराचे सगळे. त्यांत ‘सावली’तला एक मेसेज होता, मुझम्मिल नावाच्या माणसाचा. गदारिफला तो एका संस्थेचं काम बघत होता. साखरेच्या आजारासाठी लागणारं इन्सुलिन आसपासच्या गावांना पुरवायचं, ते काम. त्याने लिहिलं होतं, भावांनो आणि बहिणींनो, एक कोडं आहे. गावात हिरवी खूण दिसते, पण इथे मागणी पोचत नाही. लाइन आल्यावरसुद्धा पोचत नाही. कुणाला काही सुचतंय का?

खाली त्याने कोड चिकटवला होता. वरची नावाची ओळ त्यात नव्हती. बाकी सगळं होतं. मध्येच उगाच सोडलेली एक मोकळी जागा, तीही होती. आपल्या हातची शिवण माणूस अंधारातही चाचपून ओळखतो. रिहाबने ती ओळखली, आणि हातातला चहाचा पेला तिने जमिनीवर ठेवला, तो तसाच राहिला.

तिने मुझम्मिलला तिथूनच फोन लावला. आवाज तुटत होता. तो तिला ओळखत नव्हता, पण मदत करायला कुणीतरी पुढे आलं म्हणून मनापासून बोलू लागला. लाइन गेली तशी गावागावांतून मागण्या भरल्या गेल्या, खुणा उमटल्या, आणि माणसं निश्चिंत बसली. लाइन आली तेव्हा फक्त शेवटच्या काही मागण्या आल्या. सगळ्यात आधी ज्यांनी मागितलं होतं, त्यांच्याच हवेत विरल्या. खूण दिसली नसती तर लोक थांबले नसते, तो म्हणाला. कुणी आजाऱ्याला उंटावर घालून आणलं असतं, कुणी गाडीवर. त्याच्या आजोळच्या गावात आदम म्हणून एक जण होता, त्याने तर बायकोला शहरात न्यायला गाढव गाडीला जुंपलं होतं. दवाखान्यातल्या माणसाने त्याला फोन दाखवला. हे बघ पोचलंय, औषध वाटेवर असेल, तिला या उन्हात कशाला हिंदकळवतोस. आदमने गाढव सोडलं.

“त्या बाईचं नाव काय?” रिहाबने विचारलं.

“मस्तूरा. का हो, बाशमुहंदिसा?” इंजिनियर बाईंना म्हणतात तसं तो म्हणाला.

“तो तुकडा माझा आहे.”

मग मुझम्मिल म्हणाला, “कुणाच्या नावाने दिला होता? अल्लाह त्यांच्यावर रहम करो.”

“नावाची ओळ तुम्ही काढलीत?”

“नाही हो. माझ्याकडे आला तेव्हाच नव्हती. मला दिला कसालाच्या एकाने, त्याला कुणी दिला ते त्याला ठाऊक. दुवा कुणासाठी मागायची ते कळेना, म्हणून मी नुसतं म्हटलं, ज्याचा असेल त्याच्यावर.” मग त्याने तिची समजूत घातली, “तुकडा वाईट नाही, ताई. आमची लाइन वाईट.”

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं रिहाबला वाटलं. शिवीला निदान उत्तर देता येतं, नाहीतर ती गिळता येते. या भल्या बोलण्याचं काय करायचं?

त्याच दिवशी, त्याच निंबाखाली बसून तिने तुकडा दुरुस्त केला. काम अवघड नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. आता नोंद खरोखर पोचल्याशिवाय खूण हिरवी होत नव्हती. पिशवी भरत आली की लाल पट्टी यायची आणि सांगायची, थांबू नका, दुसरी वाट बघा. तिने नवा तुकडा ‘सावली’त टाकला आणि वर लिहिलं की जुना कृपा करून काढून टाका, त्याने नोंदी हरवतात, त्याने एक बाई गेली.

काहींनी लगेच बदलला. मुझम्मिलने बदललाच. पण बाकीच्यांची उत्तरं येत गेली तसतसं तिच्या ध्यानात येऊ लागलं, की आपण जे सोडून दिलं ते परत ओढायला दोरी ठेवलेलीच नाही. एकाने लिहिलं, ज्या फोनांत तो तुकडा आहे ते फोन आता कुठे आहेत हे मलाच ठाऊक नाही, मी ती नोकरी सोडून जेद्दाला आलो. दुसऱ्याने लिहिलं, बदलायचा तर फोन हातात पाहिजे, आणि त्या रस्त्याने जायचं तर तुम्हीच आधी जाऊन दाखवा. वलाउद्दीन नावाचा एक होता, त्याच्या जिभेला कधी हाड नसायचं. त्याने लिहिलं, “बाशमुहंदिसा, तुमचा नवा तुकडा लाल दाखवतो. लाल दिसलं की अख्खं गाव मला फोन करतं. हिरव्यात मला निदान झोप लागते.” त्याला हसणारे चेहरे बरेच पडले. ग्रुप ज्यांनी काढला ते उस्ताद ताज अस्सिर वयाने मोठे, कैरोत राहणारे. ते म्हणाले, चालत्या गाढवाला काठी मारू नये, हळूहळू होईल सगळं.

हळूहळू झालं ते असं. चार दिवसांनी ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली. तिने विचारलं, लाइन नसताना नोंदी राखायची ती प्रसिद्ध युक्ती कुणाकडे आहे का? रिहाबला कळायच्या आत कुणीतरी स्वतःच्या फोनमधून जुनाच तुकडा काढून दिला. तोच आखूड होता, तोच तोंडी बसलेला होता. मुलीने घेतला आणि रीतीप्रमाणे खाली लिहिलं, अल्लाह हाज अब्दुलबाकींवर रहम करो.

रिहाबने ती ओळ वाचली. तिने लगेच मेसेज करून त्या मुलीला गाठलं, नवा तुकडा दिला, समजावलं. ती एक सापडली. पण अशा किती ओळी तिने आपल्याच तोंडाने शुक्रवारी वाचल्या होत्या! एकेक रहम म्हणजे एकेक दवाखाना, एकेक फोन, आणि त्या फोनकडे बघून स्वस्थ बसलेली माणसं. आणि ज्यांनी नाव काढून टाकून तुकडा पुढे दिला, त्यांची तर दुवासुद्धा नाही की जिचा माग काढत जावं.

तिने ग्रुपमध्ये लिहिलं, माझ्या वडिलांसाठी यापुढे कुणी दुवा मागू नका.

थोड्याच वेळात उस्ताद ताज अस्सिरांचा तिला एकटीला मेसेज आला. “पोरी, दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, मला समजतं. पण असं लिहू नये. गेलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेऊ नये. तू लिहिलेलं मी पुसून टाकलंय.”

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर मशिदीत बायकांचा पाठ असायचा. तो संपल्यावर रिहाब शेख इद्रीसांपाशी थांबली. कोड म्हणजे काय ते त्यांना कसं सांगावं याची तिने मनात जुळवाजुळव केली होती, पण ते चटकन समजले.

“म्हणजे तू वडिलांच्या नावाने विहीर खणलीस आणि पाणी खारं निघालं.”

“पाणी गोडच होतं, शेख. विहिरीला कठडा नव्हता.”

शेखांनी सावकाश सांगितलं, की मेलेल्याला जिवंतांच्या चुका चिकटत नाहीत, तुझ्या वडिलांना यातलं काही लागणार नाही. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुलाही नाही. रिहाबच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. ती उठायला लागली, तेव्हा त्यांनी आणखी हळू आवाजात म्हटलं, “आता मात्र ठाऊक झालंय. आता कठडा बांधणं तुझ्यावर आलं.”

“पण विहिरी कुठे कुठे आहेत तेच मला माहीत नाही.”

शेखांनी तसबीहचे मणी पुढे सरकवले. नसलेलं उत्तर आहे म्हणून देणाऱ्यांतले ते नव्हते. मी तुझ्यासाठी मागेन, एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून पहाटेची फज्रची नमाज आणि रोजचा पाठ झाला की रिहाब निंबाखाली जाऊन बसायची. रोजा असला तरी जायची. ग्रुपमध्ये ज्यांनी ज्यांनी पूर्वी दुवा मागितली होती त्यांना एकेक करून गाठायचं, त्यांच्याकडून गावांचे नंबर घ्यायचे, आणि लावत बसायचं. बरेचसे लागतच नसत. लागले तर उचलणारा दुसराच कुणी निघे. चहावाली तिला म्हणाली, नवरा हरवला असेल तर एवढे फोन करूनही सापडायचा नाही बाई, तो सापडायचा असता तर त्यानेच केला असता.

शुक्रवार आला. हाजा बतूलने कॉफी केली, चटई अंथरली. रिहाबने फोन हातात घेतला नाही. म्हातारीने वाट बघितली, मग स्वतःच विचारलं, की आठवडाभर तू उन्हातान्हात कुणाला फोन करत असतेस? रिहाबने टाळायचा प्रयत्न केला. आईपुढे तिचा तो प्रयत्न कधीच टिकला नव्हता.

“युम्मा, त्या पाण्याने एक बाई मेली.”

मग तिने सगळं सांगितलं. पिशवी, खूण, मस्तूरा, सोडलेलं गाढव. कॉफी निवून गेली.

“अजून पितात?” तिने शेवटी विचारलं.

“पितात.”

“तुझ्या बापाचं नाव घेऊन?”

“काही जण घेऊन. बरेच जण न घेताच.”

हाजा बतूल चटईच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. “मग न घेणारेच बरे,” ती म्हणाली. ती उठली, भिंतीला धरून आत गेली, आणि त्या दिवशी तिने कुणासाठीच ‘आमीन’ म्हटलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिने कॉफी मांडली नाही, काही विचारलंही नाही. रिहाबच्या मनात आलं, वडिलांना आपण दुसऱ्यांदा वाटेत सोडून आलो, आणि या वेळी ट्रक हाकणारे दुसरे कुणी नव्हते.

तरी तिने फोन करायचं सोडलं नाही. नेम धरल्यासारखी ती जात राहिली. एका सकाळी गदारिफच्या पलीकडचा, फार आतल्या गावचा एक नंबर लागला. उचलणारा दवाखान्यातलाच माणूस होता, हाज नूरैन म्हणून, आवाजावरून साठीच्या पुढचा. लाइन त्यांच्याकडे अजून आलेली नव्हती. कुणाच्या तरी तबकडीवर तो स्वतःच्या फोनवरून बोलत होता; दवाखान्याचा नोंदींचा फोन तिला जोडलेला नव्हता. रिहाबने त्याला विचारलं, इन्सुलिनची मागणी घातली आहे का? तो म्हणाला, घातली आहे, केव्हाच घातली आहे, खूण हिरवी आहे.

“ती खूण खोटी आहे, हाज. नोंद पोचलेली नाही. कदाचित तुमच्या फोनमध्येही उरलेली नसेल.”

“हिरवी आहे, पोरी. मी रोज बघतो.”

“मी सांगते ना. ती खूण मीच केलीय.”

“तू केलीस?” म्हाताऱ्याच्या आवाजात आदर आला. “मग अल्लाह तुझ्या आईबापांचं भलं करो. ती दाखवली की आमची माणसं शांत होतात. दारात बसून रडायची थांबतात.”

रिहाबने डोळे मिटून घेतले. मग शब्द जुळवत तिने त्याला सांगितलं, की जे आजारी आहेत त्यांना शहरात न्यायला सांगा, आजच सांगा, थांबू नका. हाज नूरैनने शांतपणे विचारलं, कुठल्या रस्त्याने? एका रस्त्यावर नाल्याला पूर होता, दुसऱ्यावर बंदुका. गाडीला तेल नव्हतं. गाढवं होती ती गेल्या महिन्यात विकून खाल्ली. तिने मुझम्मिलचा नंबर दिला, मागणी तोंडी सांगा म्हणाली. तो नंबर त्याने लिहून घेतला. पण मागणी पोचली तरी औषध त्याच रस्त्यांनी यायचं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

“एक सांग, बाशमुहंदिसा,” तो म्हणाला. “ही खूण तू लाल केलीस, तर औषध येईल?”

“नाही.”

“मग राहू दे हिरवी.”

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. बाईचा आवाज होता. हाज नूरैनने फोन बाजूला ठेवला, बंद न करताच. तिला सगळं ऐकू येत होतं. ती बाई काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. आणि तो तिला समजावत होता, सावकाश, लहान लेकराला समजवावं तसा: पोचलंय, बघ, पोचलंय.